नवी वसाहत येतेय: आधी बस की आधी पार्किंग?

अस्नोडेकर
गोव्यात म्हापसा-डिचोली रस्त्याला लागून, थिवी स्टेशनच्या अलीकडे मोठी वसाहत येऊ घातली आहे. ग्रामसभेत पाण्यावर बोलणं झालं, कचऱ्यावर झालं, पार्किंगवर तर वादच झाला. ही माणसं रोज कामाला जाणार कशी, हे कोणी विचारलंच नाही.

माझं म्हणणं असं, की पहिल्या कुटुंबाला चावी मिळेल त्या दिवसापासून गेटवर बस आली पाहिजे. नव्या घरात गेलेला माणूस कामावर कसं जायचं ते पहिल्या महिन्यातच ठरवून टाकतो. तेव्हा बस नसली की स्कूटर येते. मग बायकोची स्कूटर, मुलगा कॉलेजात गेला की तिसरी, आणि एखाद्या चतुर्थीला गाडी. हप्ते सुरू झाल्यावर दारात बस आणून उभी केली तरी त्यात चढणार कोण? मग ‘प्रतिसाद नाही’ म्हणून ती फेरीही बंद.

दुसरं, गेटपासून हमरस्त्यावरच्या थांब्यापर्यंत दिवे असलेला फूटपाथ हवा. आत्ता तिथे डांबर संपतं तिथे चिखल, चिखल संपतो तिथे गटार. जुलैत छत्री धरून चालणाऱ्याला टिपर आला की बाजूच्या गवतात उतरावं लागतं, आणि त्या गवताखाली काय आहे ते दिसत नाही.

पर्वरीवासी
तळमळ समजते, पण बस येणार म्हणून पार्किंग कमी करायला माझा ठाम विरोध. आमच्या इमारतीत फ्लॅटमागे एक जागा दिली. आज संध्याकाळी सातनंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या असतात आणि अॅम्ब्युलन्स आत येताना ड्रायव्हरला खाली उतरून आरसे मिटवावे लागतात. विकताना बिल्डरने मोफत शटल दाखवली होती. फ्लॅट संपले, शटल संपली. घरात म्हातारी माणसं आहेत, चार महिने पाऊस आहे. गाडी लागणारच, तर ती उभी करायला जागा द्या.

अस्नोडेकर
जागा नको असं मी म्हणत नाही. ती फ्लॅटच्या किमतीत मिसळू नका आणि प्रत्येकाच्या जिन्याखाली देऊ नका. जर्मनीत फ्रायबुर्ग शहरात जुन्या लष्करी छावणीच्या जागी वोबाँ (Vauban) नावाची वसाहत उभी राहिली. तिथे गाडी ठेवायची तर वसाहतीच्या कडेच्या सामाईक गॅरेजमध्ये वेगळे पैसे भरून जागा घ्यावी लागते. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यावर तो खर्च पडत नाही. आतल्या गल्ल्यांत मुलं खेळतात.

पेडणेकर
तिथे ट्राम आहे हो! २००६ मध्ये ती थेट वसाहतीत पोचली. आपल्याकडे काय आहे ते बघा. माझी मुलगी पणजीला नोकरी करते. कदंबची, म्हणजे सरकारी बस महामंडळाची, शटल तिला न थांबता म्हापशाला आणते, त्याबद्दल तक्रार नाही. खरे हाल म्हापसा स्टँडच्या पुढे. रात्री आठनंतर खाजगी बसवाले गाड्या लावून घरी जातात. ती स्टँडवर उभी असते आणि तिचा भाऊ स्कूटर घेऊन निघतो. म्हणजे बसने जाणाऱ्या एका माणसासाठी घरात एक गाडी आणि एक माणूस अडकलेला.

आणि स्टेशन जवळ आहे म्हणून कोणी खूश होऊ नये. थिवीहून रेल्वेने गेलात तर उतरणार करमळीला, तिथून पणजीला परत बस. शिवाय कोकण रेल्वेच्या लोकल म्हणाव्यात अशा गाड्या मोजक्याच, त्यांच्या वेळा ऑफिसच्या वेळांशी जुळत नाहीत.

बसमालक, बार्देश
आम्ही हौसेने बस लावत नाही. रात्रीच्या फेरीत पाच माणसं असतात. डिझेल, ड्रायव्हर, कंडक्टर हे सगळं त्या दिवसाच्या गल्ल्यातून निघायचं असतं. म्हणूनच दिवसासुद्धा आम्ही थांब्यावर बस भरेपर्यंत थांबतो आणि लोकांच्या शिव्या खातो. कदंबच्या ‘म्हजी बस’ योजनेत खाजगी बस कदंबच्या वेळापत्रकावर चालते आणि मालकाला किलोमीटरमागे पैसे मिळतात. तसं असेल तर मी रात्री साडेनऊची फेरीही करीन, रिकामी गेली तरी. पण पैसे वेळेवर यायला हवेत.

पिवळा मडगार्ड
मी मोटारसायकल पायलट आहे, म्हणजे भाड्याने माणसं मागे बसवून नेणारा. आमचा विचार कोणीच करत नाही. स्टेशन ते वसाहत, वसाहत ते म्हापसा स्टँड, हे आमचंच काम. गेटवर चार मोटारसायकली उभ्या राहतील एवढं शेड द्या, पुरे. वसाहतीच्या नकाशात क्लबहाऊस असतं, पोहायचा तलाव असतो, पायलट स्टँड मात्र कधीच नसतो. सामान घेऊन येणाऱ्या कुटुंबाला आम्ही उपयोगी नाही हे मान्य. एकट्या माणसाला नक्की आहोत.

मयेची लेक
तुम्ही सगळे वसाहत होणारच असं धरून चाललात. २०२४ मध्ये नगर नियोजन कायद्यात ३९अ कलम आलं. त्याखाली एकेका जमिनीचा झोन, म्हणजे ती शेतीची की घरांची हे, बदलता येऊ लागलं. आधी झोन बदलायचा, मग घरं, मग रस्ता रुंद, आणि सगळ्यात शेवटी बसची आठवण. आधीच बस धावते तिथे, म्हापशाच्या आसपास, रिकामी आणि मोडकळीला आलेली घरं किती आहेत ती बघा. डोंगर कापून दूर वसाहत करायची आणि नंतर तिला फूटपाथ जोडून ‘पर्यावरणपूरक’ म्हणायचं, हे मला पटत नाही.

अस्नोडेकर
ताई, झोन बदलाविरुद्ध सही करायला मी तुमच्या आधी उभा राहीन. पण ज्या वसाहतींना परवाना मिळून गेला आहे त्यांचं काय? तिथे पंचायतीच्या हातात एक गोष्ट आहे. राहायला जाण्याआधी ऑक्युपन्सी दाखला लागतो आणि तो पंचायत देते. बांधकाम परवान्यातच लिहून घ्या: फूटपाथ, दिवे, बसथांब्याचं शेड आणि पायलट स्टँड झाल्याशिवाय ऑक्युपन्सी नाही. शटलचं तोंडी आश्वासन नको. बिल्डरने पहिल्या काही वर्षांच्या रात्रीच्या फेऱ्यांचे पैसे आगाऊ भरावेत, म्हणजे वरच्या बसमालकांना गल्ल्याची काळजी नको.

पर्वरीवासी
फूटपाथ आणि आगाऊ पैसे, दोन्हीला माझा पाठिंबा. पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा, तुमच्या भागातल्या माझ्या नातेवाइकांना मी यायला सांगतो. पार्किंग वेगळं विकायला मात्र विरोध कायम. पैसे वाचवायला लोक जागा घेणार नाहीत आणि गाडी तुमच्या त्याच फूटपाथवर चढवतील. ते कोण थांबवणार, हे ठरावात आधी लिहा.