कोल्ट्रेनला आदरांजली की कोल्ट्रेनची झेरॉक्स?

मंद्रसप्तक:
अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या जन्मशताब्दीनिमित्त (जन्म २३ सप्टेंबर १९२६) न्यू जर्सीत एक मैफल ऐकली. त्याची गाजलेली रचना 'अ लव्ह सुप्रीम', चारही भाग, मूळ रेकॉर्डसारखेच सॅक्सोफोन, पियानो, बास, ड्रम्स. वादक तयारीचा, दमसास जबरदस्त. पण समोर स्टँडवर कागद, आणि रेकॉर्डमधला सोलो (एकट्यानं आयत्या वेळी सुचेल तसं वाजवलेला भाग) जसाच्या तसा, श्वास कुठे घ्यायचा तेसुद्धा ठरलेलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, मी बसूनच राहिलो. ९ डिसेंबर १९६४ला व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत कोल्ट्रेनला जे सुचलं, ते पाठ करून म्हणून दाखवणं ही कसली आदरांजली?

खर्जातला_बाळू:
साफ असहमत. कोल्ट्रेन १९६७ मध्ये, वयाच्या चाळिशीत गेला. आज हे संगीत प्रत्यक्ष ऐकायचं तर दुसरा मार्ग कोणता? पहिल्या भागाच्या शेवटी 'अ लव्ह सुप्रीम' या शब्दांचे ते चार सूर तो एकेका पट्टीत फिरवत बारा पट्ट्यांत नेतो, हे स्पीकरवर ऐकणं वेगळं आणि दहा फुटांवरून ऐकणं वेगळं. बेथोव्हेन वाजवणाऱ्याला विचारता का, तुझं स्वतःचं काय म्हणून?

मंद्रसप्तक:
बाळूशेठ, बेथोव्हेननं लिहून ठेवलंय, वाजवायलाच. इथे खुद्द कोल्ट्रेनच त्या रेकॉर्डला बांधून राहिला नाही. दुसऱ्याच दिवशी सॅक्सोफोनवाला आर्ची शेप आणि बासवाला आर्ट डेव्हिस यांना घेऊन पहिला भाग पुन्हा वाजवला. ऑक्टोबर १९६५ मध्ये सिएटलला सॅक्सोफोनवाला फॅरो सँडर्स वगैरे मंडळींसह तीच रचना सव्वा तास चालली. मूळ रेकॉर्ड जेमतेम तेहतीस मिनिटांची! ज्याची रचना वर्षभरात दुपटीहून मोठी झाली, त्याला तुम्ही तेहतीस मिनिटांत कोंबताय.

जाईजुई:
मंद्रदादा, चौथ्या भागाचं काय? 'साम' (Psalm, म्हणजे स्तोत्र) या त्या भागात कोल्ट्रेन स्वतः लिहिलेली प्रार्थना सॅक्सोफोनवर अक्षरशः म्हणतो. रेकॉर्डच्या वेष्टनावर ती छापलेली आहे, बोट ठेवून ऐकून बघा. 'थँक यू गॉड' आलं की ओळ खाली उतरते, मागे ड्रमर एल्विन जोन्सचा टिंपनी, म्हणजे मोठा नगारा. तिथे मनाचं वाजवणं म्हणजे तुकोबांच्या अभंगात स्वतःचे शब्द घालणं. त्या वादकाच्या स्टँडवरचा कागद त्या भागापुरता तरी मला योग्यच वाटतो.

मंद्रसप्तक:
जाईताई, चौथा भाग मी वेगळाच धरतो, तो शब्दांना बांधलेला आहे. माझं भांडण तिसऱ्या भागाशी. ड्रम्सच्या सोलोनंतर सॅक्सोफोन झेप घेतो, तिथे पुढची तान कागदावर दिसत असेल तर झेप कसली?

सदाशिवपेठी_कानसेन:
नकला आपल्याकडे काय कमी झाल्या? गायक कुमार गंधर्वांची तुटक फेक उचलणारे पैशाला पासरी मिळाले. श्रोते मात्र दर वेळी 'हुबेहूब!' म्हणून खूश. कोल्ट्रेनच्या मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं. तोही सॅक्सोफोनच वाजवतो, पण बापाचा आवाज काढत बसला नाही. घरच्या माणसाला जे कळलं ते बाकीच्यांना कधी कळणार?

रीडबदलू:
मी सॅक्सोफोन शिकतो. सोलो उतरवून घेणं हा आमचा रोजचा रियाज आहे, त्याशिवाय बोटं तयार होत नाहीत. एक साधी चार ओळींची फ्रेज बसायला आठवडा जातो, तेव्हा त्या माणसाच्या मेहनतीला हसू नका. फक्त तो रियाज घरचा. मैफलीचं तिकीट लावून नव्हे. आणि सॅक्सोफोनवाला ब्रॅनफोर्ड मार्सालिसनं हे चारही भाग अख्खे रेकॉर्ड केलेत, ते ऐका. रचना तीच, बोलणं त्याचं.

खर्जातला_बाळू:
तत्त्वज्ञान झालं असेल तर व्यवहाराचं बोलू. जाहिरातीत 'अ लव्ह सुप्रीम' लिहून भलतंच वाजवलं, तर उद्या इथेच धागा निघेल, 'फसवणूक!' म्हणून. लोक त्या रेकॉर्डसाठीच येतात.

मंद्रसप्तक:
मग जाहिरातीत खरं लिहा: चार सूर कोल्ट्रेनचे, पुढचं आमचं. मी पहिल्या रांगेचं तिकीट काढतो.

खर्जातला_बाळू:
काढा की. पाय पसरून बसा, शेजारी कोणी नसेल.