लिनोकटमध्ये सपाट काळा भाग ठिपकेदार येतोय, मदत हवी आहे

नाशिकच्या गोदाघाटावरच्या नारोशंकर मंदिराचा ए फोर आकाराचा लिनो (कोरून, शाई लावून छाप काढायचा लिनोलियमचा तुकडा) कोरलाय. शाई तेलाची, कागद २०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला २०० ग्रॅम), म्हणजे जाडच. छपाईचा प्रेस नाही, त्यामुळे चमच्याच्या पाठीने घासून छाप काढते. घंटेच्या कडेच्या बारीक रेघा सुरेख उठतात, पण आकाशाच्या काळ्या भागात पांढरे ठिपके राहतात. शाई वाढवली की त्याच रेघा बुजतात, म्हणजे नुसती शाई वाढवून भागणार नाही. जाड कागद हाताच्या दाबाने खाली बसत नसावा. लिनो बारीक पॉलिश पेपरने घासून, पुसून घेतलाय. आता हाच कागद ओलसर करावा की पातळ हातकागद घ्यावा? शाईत थेंबभर जवसाचं तेल घातलं तर कडेला तेलकट डाग पसरेल का? आणि नाशिकमध्ये हातकागद सुटा कुठे मिळतो? कृपया सांगा.