तीच इमेज, नवं मशीन, आणि रिपोर्ट काढताना कंटेनर बंद पडतोय (कोड 137)

टॉवेल_सोलापूर:
अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. बिलिंगचं जावा सॉफ्टवेअर डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) चालतं, कंटेनरला 2 जीबी मेमरीची मर्यादा. जुन्या 8 जीबीच्या मशीनवर, उबुंटू 18.04 वर, तीन वर्षं कसली कुरकुर नव्हती. गेल्या आठवड्यात 16 जीबीचं मशीन घेतलं, 22.04 टाकलं, इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) जशीच्या तशी आणली. आता महिन्याचा रिपोर्ट काढायला घेतला की कंटेनर बंद. आत शिरून 'फ्री' (मेमरी दाखवणारी कमांड) मारलं तर 16 जीबी दिसतात! काल ट्रक दारात उभा आणि काका कार्बन घालून हातानं चलान लिहीत बसले. फार लागलं मला ते. डॉकरचा हट्ट माझाच होता. इमेजमध्ये एक अक्षर बदललेलं नाही, मग बदललं काय?

रात्रपाळी:
137 म्हणजे 128 अधिक 9, आणि 9 हा प्रोसेस मारायचा सिग्नल. कर्नलनं (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यानं) प्रोसेस मारली. 'डॉकर इन्स्पेक्ट'मध्ये 'ओओएम-किल्ड' (मेमरी संपली म्हणून मारलं) ट्रू दिसेल. 'फ्री'वर जाऊ नका, ते होस्टचीच (मूळ मशीनचीच) मेमरी दाखवतं. जावा कुठलं?

टॉवेल_सोलापूर:
ट्रूच आहे. जावा 8, अपडेट 252.

नवा_गडी:
मर्यादाच काढून टाका की.

रात्रपाळी:
नको! डेटाबेस त्याच मशीनवर असेल, तर उद्या कर्नल त्यालाच उचलेल.
दुखणं जावाचं आहे. इमेजबरोबर सगळं येतं, कर्नल येत नाही. तो होस्टचा, सगळ्या कंटेनरना मिळून एकच. 18.04 वर सीग्रुपची (कंटेनरला मर्यादा लावणारी कर्नलची सोय) पहिली आवृत्ती होती, 22.04 वर दुसरी आहे. अपडेट 252 ला पहिलीच कळते. तिथं त्याला 2 जीबी दिसायचे, त्याचा पाव हिस्सा म्हणजे 512 एमबी हीप (जावाची डेटा ठेवायची मेमरी) धरायचं. इथं मर्यादा दिसतच नाही, म्हणून 16 चा पाव, 4 जीबीपर्यंत हीप वाढू देतं. 2 ओलांडले की खेळ खलास. जावा 8 ला दुसरी आवृत्ती कळायला लागली अपडेट 372 पासून. तोवर 'एक्सएमएक्स' (कमाल हीपची सेटिंग) 1200 एमबीवर बांधा. पूर्ण 2 जीबी हीपला देऊ नका, थ्रेड आणि मेटास्पेसलाही (जावा क्लासची माहिती ठेवतं ती मेमरी) जागा लागते.

टॉवेल_सोलापूर:
आधी एक्सएमएक्स बांधून रिपोर्ट काढला, निघाला. मग बेस इमेजमधलं जावा 372 वर नेलं, एक्सएमएक्स काढून तपासलं, कमाल हीप 512 एमबी दाखवतंय. काकांनी हातानं लिहिलेली अकरा चलानं आता सिस्टीममध्ये चढवतोय.