बाळाला फळ घोटूनच द्यावं की फोड सरळ हातात?

साखरझोप:
सहा महिने पूर्ण झाले, मान धरते, आधाराने बसते, चमचा जिभेने बाहेर ढकलत नाही. मग फळ सुरू करायला हरकत नाही. पण पहिले दोन-तीन महिने घोटूनच. सफरचंद सोलून, बिया आणि मधला कडक भाग काढून वाफवायचं, मग चाळणीतून काढायचं. सुरुवातीला १-२ छोटे चमचे, तेही सकाळी, म्हणजे काही उठलं तर दिवसभर लक्ष राहतं. दात नसलेल्या बाळाच्या हातात फोड कशाला?

खटपट्या:
असहमत. फोड अडकते ती कडक किंवा गोल असल्यामुळे. तेच वाफवलेलं सफरचंद बोटाएवढं लांब कापा, दोन बोटांत सहज चिरडलं पाहिजे. या वयात बाळ मुठीने धरतं आणि मुठीबाहेरचं टोक खातं, त्यामुळे छोटे चौकोन मुठीतच हरवतात. चिमटीत धरणं आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास जमतं, बारके तुकडे तेव्हा. हिरड्या मऊ फळ छान चिरडतात.

साखरझोप:
आणि ओकारी येते, तोंड लालबुंद होतं, त्याचं काय?

खटपट्या:
खोकतंय, आवाज येतोय, तर तुकडा तेच पुढे ढकलतं. तोंडात बोट घालू नका, तुकडा आणखी मागे जातो. खरं गुदमरणं बहुतेकदा बिनआवाजी असतं, रडूही फुटत नाही. तेव्हा लगेच बाळाला हातावर उपडं, डोकं खाली धरून खांद्यांच्या मध्ये ५ थापा. नाहीच निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर ५ दाब, आळीपाळीने. दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलवायची. चमच्याने भरवणाऱ्यांनाही हे यायलाच हवं.

किल्ली:
तुमच्या भांडणात लोह राहिलं! जन्मतः साठवलेलं लोह सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतं आणि फळांत ते फारच थोडं. फळाने पोट भरलं तर डाळ, अंडं, मांस यांना जागा उरत नाही. सोबत द्या, क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं. रस वर्षाच्या आत नकोच.

आणखी एक. संत्रं, स्ट्रॉबेरी खाल्ल्यावर फक्त ओठांभोवती आलेली लाली बहुधा आम्लाची असते, थोड्या वेळात उतरते. अंगभर गांधी, ओठ-डोळ्यांना सूज, पुन्हा पुन्हा उलटी झाली तर फळ बंद आणि डॉक्टर. श्वासाला त्रास झाला तर थेट रुग्णालय. म्हणूनच नवं फळ एका वेळी एकच.

साखरझोप:
लोहाचं मान्य. फोडीचं नाही. समोर बसून लक्ष देणारं माणूस नसेल तर घोटलेलंच बरं.

खटपट्या:
लक्ष नसेल तर चमचाही नको. आणि नऊ महिन्यांपर्यंत गुठळ्यांची सवय लावा. उशीर झाला की पुढे जाडसर काही गिळायला मुलं कुरकुरतात.

किल्ली:
द्राक्षं दोघांनीही उभी चिरा, चार भाग. आडव्या कापाची गोल चकती श्वासनलिकेवर बूच बसवते. हे पाच वर्षांपर्यंत.