विषय: बंडूच्या वार्षिक चेकअपमधलं खरंच काय लागतं?

नमस्कार मंडळी,
आमचा कुत्रा बंडू ४ वर्षांचा झाला, लॅब (लॅब्राडोर) आहे, एकदम ठणठणीत. वार्षिक चेकअपसाठी व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरांकडे) फोन केला तर त्यांनी एस्टिमेट पाठवलंय, त्यात रेबीज, डिस्टेंपर-पार्वो, लेप्टो, लाइम, केनेल कफ, फ्लू यांच्या लसी, हार्टवर्म (डासांमुळे हृदयात होणारे जंत) टेस्ट, पूर्ण ब्लडवर्क आणि वर दातांचं क्लीनिंग. सगळं मिळून हजार डॉलरच्या वर जातंय. त्याचं काही कमी करायचं नाहीये पण उगाच सुयाही टोचायच्या नाहीत. डिसेंबरात आम्ही पुण्याला जाणार, तेव्हा तो बोर्डिंगला (कुत्रे सांभाळतात तिथे) असेल. प्लीज सांगा.
– बंडूची आई, एडिसन, न्यू जर्सी

---

ताई,
एस्टिमेटमधलं सगळं घ्यायलाच हवं असं नसतं, एकेक गोष्ट कशासाठी ते डॉक्टरांना सरळ विचारा, चांगले डॉक्टर राग मानत नाहीत.

रेबीज तर कायद्यानेच लागते, टाउनशिपचं (गावच्या नगरपालिकेचं) कुत्र्याचं लायसन्स त्याशिवाय मिळत नाही. पण पहिल्या वर्षानंतरची लस ३ वर्षांची मिळते, म्हणून आधी जुनं सर्टिफिकेट बघा. आणि न्यू जर्सीत लायसन्सच्या १२ महिन्यांपैकी निदान १० महिने लस चालू असावी लागते, तारीख मधेच संपत असेल तर आधी घ्यावी लागेल. बऱ्याच टाउनशिप रेबीजचं क्लिनिक फुकट भरवतात. डिस्टेंपर-पार्वोचीही (कुत्र्यांचे दोन गंभीर संसर्ग), लहानपणचे डोस आणि बूस्टर झाले असतील तर ३ वर्षांनी पुरते.

लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस मात्र दरवर्षी घ्याच. उंदीर, रॅकून यांच्या लघवीतून, साचलेल्या पाण्यातून होतो आणि माणसालाही होतो, मुंबईत पावसाळ्यात ज्याच्या बातम्या येतात तोच हा. लाइमची (गोचिडीतून होणाऱ्या आजाराची) लस बंडू ट्रेलवर किंवा उंच गवतात जात असेल तर घ्या. गोचिडीचं औषध मात्र बारा महिने हवंच, थंडीत जरा ऊब आली तरी त्या बाहेर पडतात. लाइमचे जंतू अंगात जायला गोचीड साधारण दीड-दोन दिवस चिकटून राहावी लागते, म्हणून फिरून आलं की कान, मान, काखा चाचपायच्या.

केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लस बोर्डिंगवाले मागतातच. फ्लूचं त्यांना आत्ताच विचारून ठेवा, कारण त्याचे दोन डोस काही आठवड्यांच्या अंतराने असतात, ऐनवेळी जमणार नाही.

आणि हार्टवर्मवर एक डॉलरही वाचवू नका! डास चावल्यावर टेस्टमध्ये दिसायला सहाएक महिने जातात, तो होऊ नये म्हणून दिलेली महिन्याची गोळी कधी ओकून टाकली ते आपल्याला कळतही नाही, म्हणून गोळी आणि वर्षाची टेस्ट दोन्ही लागतं. झालाच तर पाठीच्या स्नायूत आर्सेनिकची इंजेक्शनं आणि महिनोन्महिने पळणं-उड्या बंद, ४ वर्षांच्या लॅबचे किती हाल होतील सांगा. गोळीचं प्रिस्क्रिप्शन लिहून मागा, ऑनलाइन फार्मसीत बहुतेक स्वस्त मिळते.

ब्लडवर्क ७-८ वर्षांनंतर दरवर्षी करावं, आत्ता मी तरी थांबलो असतो.
– शेरूचे बाबा, पार्सिपनी

---

दादांचं सगळं पटलं, फक्त दातांचं राहिलं. ३ वर्षांपर्यंत बऱ्याच कुत्र्यांना हिरड्यांचा त्रास सुरू झालेला असतो आणि दुखलं तरी ती बिचारी जेवणं सोडत नाहीत, त्यामुळे कळत नाही. ताई, बंडूचा ओठ वर करून मागच्या दाढा बघा, पिवळा-तपकिरी थर आणि हिरडीच्या कडेला लाल दिसलं तर क्लीनिंग करून घ्या. त्याला भूल लागते, आणि भूल द्यायच्या आधी रक्त तपासणं चांगलंच, म्हणजे ब्लडवर्कही तेव्हाच होईल. भूल न देता स्वस्तात करणाऱ्यांकडे जाऊ नका, वरून दात चकचकीत होतात आणि हिरडीखालची घाण तशीच राहते. दाढा चांगल्या असतील तर रोज ब्रश करा, पण माणसांची पेस्ट अजिबात नको, काहींत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) असतं, ते कुत्र्यांना विष आहे.
– चिंगीची आजी, प्रिन्स्टन

---

काकू, आत्ताच बघितलं, मागे एका बाजूला लाल आहे आणि तोंडाला वासही येतोय. म्हणजे दात आणि रक्त एकदमच करते, लेप्टो, केनेल कफ, हार्टवर्म नक्की, ट्रेलला नेतो म्हणून लाइमपण. फ्लूचं बोर्डिंगला उद्या विचारते. रेबीज डिसेंबरात संपतेय, टाउनशिपच्या क्लिनिकची तारीख कळली की इथे टाकते, एडिसनमधलं अजून कुणी येणार असेल तर कळवा.
– बंडूची आई