अनुभव सांगा: नसबंदीनंतर वीर्य तपासलं का?

दोन मुली झाल्यावर मी बिनटाक्याची नसबंदी करून घेतली. अडीच महिने झाले. तीन महिन्यांनी वीर्यतपासणीला या, तोवर निरोध वापरा, असं डॉक्टर म्हणाले. पण वीर्य तर पहिल्यासारखंच येतंय! ऑपरेशन फसलं की काय? ज्यांनी केलीय त्यांनी मोकळेपणाने लिहा.

सोलापूरकर: तपासून घ्या. मी नाही घेतलं. दोन दिवसांत दुकानात जाऊन बसलो, म्हटलं सुटलो. दीड महिन्यानं हिची पाळी चुकली. आई तोंडानं काही बोलली नाही, पण नजर सारखी हिच्यावर. ही आठ दिवस धड जेवली नाही. डॉक्टरांनी आधी माझंच वीर्य तपासायला लावलं. शुक्राणू निघाले, हालचाल करणारे. नस बांधली तरी पुढच्या भागात आधीचा साठा राहतो, तो संपायला वेळ लागतो. हे मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, कागदावर सहीसुद्धा आहे माझी. आईला रिपोर्ट वाचून दाखवला. बायकोच्या बाजूनं बोलायला मला लॅबचा कागद लागला, याची लाज अजून जात नाही.

सिस्टर: दादा, वीर्य दिसायला तसंच राहणार. त्यात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा, बाकीचा द्राव वरच्या ग्रंथींतून येतो. सरकारी प्रमाणपत्रही शुक्राणू नाहीत असा रिपोर्ट आल्यावरच मिळतं. आम्ही फोन करून थकतो, पुरुष फिरकत नाहीत. बायकांना मात्र टाके काढायला बरोबर पाठवतात!

पुणेकर: माझ्या पहिल्या रिपोर्टात तुरळक शुक्राणू होते, हालचाल नसलेले. पुन्हा बोलावलं, तेव्हा शून्य. नमुना घरून नेला होता. तासाभरात पोहोचवायचा आणि गार होऊ द्यायचा नाही, म्हणून शर्टाच्या आत डबी धरून सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये उभा. सिग्नलला पोलिसाने विचारलं असतं तर काय सांगणार होतो, कोण जाणे.

एक वाचक: माझं वेगळं आहे. पहिली पत्नी वारली, दुसरं लग्न झालं. अकरा वर्षांनी नस परत जोडून घेतली. जितकी वर्षं जास्त, तितकी आशा कमी, हे आधीच कळलं होतं. शुक्राणू आले, पण फार कमी. आता अंडकोषातून सुईने काढून टेस्ट ट्यूबचा प्रयत्न करायचं चाललंय.

धागाकर्ता: पुढच्या आठवड्यातला नंबर लावला. डबी घरची चालते का?

सिस्टर: नको, लॅबकडूनच घ्या. आणि निरोधात गोळा करून आणू नका, त्यातल्या चिकट द्रवाने नमुना बिघडतो. आधी दोन-तीन दिवस संबंध टाळा.