शॅडो टीचर ठेवा नाहीतर दाखला न्या, असं शाळा म्हणतेय. काय करावं?

मोगरा_डोंबिवली:
नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. ऑटिझम आहे, निदान साडेतीन वर्षांचा असताना झालं. बोलतो, वाचतो, गणितात वर्गाच्या पुढेच आहे. पण शाळेची घंटा वाजली की कान झाकून बाकाखाली जातो, आणि बसायची जागा बदलली तर तो दिवस गेलाच. पहिली ते तिसरी एकच बाई होत्या, त्यांना तो कळला होता. यंदा बाई बदलल्या आणि जूनपासून डायरीत रोज शेरा. गेल्या मंगळवारी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. एक तारखेपासून शॅडो टीचर (वर्गात फक्त त्याच्याजवळ बसून मदत करणारी व्यक्ती) आणा, पगार तुम्ही द्यायचा, आणि 'वर्गात काही झाल्यास शाळा जबाबदार नाही' अशा हमीपत्रावर दोघांच्या सह्या हव्यात, म्हणाल्या. जमत नसेल तर दाखला घेऊन 'त्याच्यासाठी योग्य' शाळा बघा. सगळं तोंडी आणि अगदी हसतमुखाने. चहासुद्धा दिला.

शॅडोसाठी दोन ठिकाणी चौकशी केली, महिना अठरा आणि बावीस हजार. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि स्पीच थेरपीचे पैसे वेगळेच. यांचं म्हणणं, भांडलो तर पोराचे हाल होतील, त्यापेक्षा शाळा बदलू. मला ते पटत नाही. शाळा खासगी, विनाअनुदानित, इंग्रजी माध्यम. या वाटेने कोणी गेलंय का? आधी वकील गाठू का?

अबोली_ठाणे:
मोगरा, सगळ्यात आधी एक: दाखल्याचा अर्ज लिहून देऊ नका. कितीही गोड बोलून कोरा कागद पुढे सरकवला तरी. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. तिथे 'पालकांच्या विनंतीवरून' असं पडलं की शाळा मोकळी. माझ्या मुलीच्या वेळी मी तो अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावरच, डोळे पुसत लिहून दिला होता. पुढे तक्रार घेऊन गेले तर पहिलाच प्रश्न आला, "दाखला तुम्हीच मागितलात ना?"

वकील नंतर. आधी त्यांचं तोंडी बोलणं कागदावर आणा. 'अमुक तारखेच्या भेटीत आपण मला असं असं सांगितलंत. माझ्या समजण्यात चूक असल्यास लेखी कळवावे.' बस्स, एवढंच. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का-तारीख-सही घ्या. पोच द्यायला नको म्हणाले तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट आणि ईमेल. त्याच पत्रात मुलाला काय हवंय ते मागा, पण नेमकं. 'लक्ष द्यावे' म्हणू नका, त्याला अर्थ नसतो. घंटेपासून लांबची ठरलेली जागा, जागा बदलायची तर आदल्या दिवशी घरी निरोप, कोंडल्यासारखं झालं की पाच मिनिटं बाहेर बसायची मुभा. ओटीकडून हेच मुद्दे त्यांच्या लेटरहेडवर घ्या आणि पत्राला जोडा.

खडूची_धूळ:
मी निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे थोडं शाळेच्या बाजूनेही बोलतो. शिव्या पडल्या तरी चालतील. वर्गात पंचावन्न मुलं, बाई एकट्या, स्पेशल एज्युकेटर शाळेत नाहीत किंवा आठवड्यातून एकदा येऊन सही करून जातात. अशा वर्गात बाई घाबरतात, आणि घाबरलेल्या बाई डायरीत शेरे लिहितात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्रमाण सांगितलं आहे: विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक, प्राथमिकला दहा मुलांना आणि पुढे पंधरा मुलांना. किती शाळांत असे शिक्षक दिसतात ते तुम्हीच बघा.

म्हणून पत्र देण्याआधी एकदा नव्या वर्गशिक्षिकांना भेटा. मुख्याध्यापिकांना नाही, बाईंना. तिसरीच्या बाई काय करायच्या ते सांगा. निम्म्या तंट्यांचं मूळ असं असतं की जुन्या वर्गातून नव्या वर्गात मूल गेलं, पण त्याच्याबद्दलची माहिती गेली नाही.

हमीपत्रावर मात्र सही नको. मी स्वतः अशी हमीपत्रं घेतली आहेत, म्हणून सांगतो. त्या कागदाने मुलाचं भलं झाल्याचं मला एकदाही दिसलं नाही.

काळा_कोट:
कायद्याचं थोडक्यात.

१. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, कलम १६: आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण शाळा अल्पसंख्याक दर्जाची आहे का ते आधी बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर अशा शाळांना आरटीई लागू नाही. मुंबई-ठाणे पट्ट्यात भाषिक आणि धार्मिक अल्पसंख्याक शाळा भरपूर आहेत आणि पालकांना हे ऐनवेळी कळतं.

२. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम १६: सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करायची, लागेल तिथे वैयक्तिक साहाय्य द्यायचं. हे पुरवण्याची जबाबदारी शाळेवर टाकली आहे. 'शॅडो टीचर' हा शब्द कायद्यात कुठेही नाही, त्यामुळे पगार कोणाचा हा वाद दोन्हीकडून ताणला जातो. तुमची बाजू अशी मांडा: साहाय्य देणं शाळेचं काम, ते कोणत्या रूपात द्यायचं यावर आम्ही बोलायला तयार आहोत.

दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) झालंय का? चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट मोफत शिक्षणासारख्या काही लाभांसाठी आहे. दिव्यांग कायद्याच्या कलम १६ साठी नाही. टक्के कमी म्हणून शाळा हात झटकू लागली तर हे लक्षात ठेवा.

जायचं कुठे? आरटीईखालची तक्रार कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत महापालिकेचा शिक्षण विभाग. त्यांनी सुनावणी घेऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. दिव्यांग कायद्याखालची तक्रार पुण्याला, दिव्यांग आयुक्तांकडे. चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, साक्षीदार आणि कागद मागवू शकतात. पण शेवटी ते देतात ती शिफारस, हे आधीच माहीत असलेलं बरं. शिवाय केंद्राच्या २०१७ च्या नियमांत जिल्हा शिक्षण कार्यालयात दिव्यांग मुलांच्या प्रवेशासाठी आणि सोयींसाठी एक नोडल अधिकारी असावा असं म्हटलं आहे. तो कोण, हे लेखी विचारा. कधीकधी या प्रश्नानेच फाइल हलते.

वकिलाची फी भरायची घाई नको. दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर साहाय्य मिळतं आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण दाखलपूर्व (खटला दाखल होण्याआधीच्या) समेटासाठी दोन्ही बाजूंना बोलावूही शकतं. शाळेलाही कोर्ट नकोच असतं.

जर्सीकर_आजोबा:
आमच्या नातवाचं न्यू जर्सीत झालं. तिथे मुलाचा लेखी वैयक्तिक आराखडा असतो, त्याला आयईपी म्हणतात. वाद झाला तर मध्यस्थी फुकट, आणि सुनावणी मागितली तर निकाल लागेपर्यंत मूल आहे तिथेच राहतं. २००८ पासून तर त्या राज्यात सुनावणीत आपली बाजू सिद्ध करायचा भार शाळेच्या बाजूवर आहे.

चिंचपोकळी_लोकल:
आजोबा, तिथलं सांगून डोंबिवलीत काय उपयोग?

जर्सीकर_आजोबा:
आहे की. सून प्रत्येक मीटिंगनंतर त्याच संध्याकाळी शाळेला ईमेल करायची, आज हे हे ठरलं. त्याला कायदा लागत नाही. आणि मीटिंगला एकटी जायची नाही, सोबतचा माणूस फक्त लिहून घ्यायचा.

मोगरा_डोंबिवली:
सगळ्यांचे खूप आभार. शाळा अल्पसंख्याक नाही, संस्थेच्या मान्यतेच्या कागदावरून खात्री केली. पत्राला सहा मसुदे झाले, पहिल्या पाचांत मी फार चिडलेली होते. उद्या देतेय. हे सोबत येणार आहेत, लिहून घ्यायला.

मोगरा_डोंबिवली:
पाच आठवड्यांनी धागा वर आणतेय.

पोच द्यायला क्लार्क तयार नव्हते, अर्धा तास बसून राहिलो तेव्हा शिक्का मिळाला. नवव्या दिवशी लेखी उत्तर आलं. 'आपला गैरसमज झाला आहे, दाखला नेण्यास सांगितलेले नाही.' वाचून हसावं की रडावं कळेना. हमीपत्राचा उल्लेखच नाही. जागा ठरवून दिलीय, दाराजवळची. घंटा होण्याआधी दोन मिनिटं बाई त्याला खूण करतात. हे त्यांनी स्वतःहून सुरू केलं, आम्ही मागितलंही नव्हतं. खडूची_धूळ, तुमचं ऐकून त्यांना आधी भेटले ते बरं झालं.

शॅडोवर मात्र शाळा अडून आहे. पहिले दोन तास शाळेतल्या मावशी त्याच्याजवळ बसतात, पण दिवाळीनंतर 'पालकांनी व्यवस्था करावी' असं पत्रात आहे. म्हणून महापालिकेकडे तक्रार दिली. सुनावणीची तारीख मिळालीय.

एक विचारायचंय. तिसरीच्या बाईंना फोन केला होता. सुनावणीला येऊन सांगते म्हणाल्या, तीन वर्षं शॅडोशिवाय मूल वर्गात व्यवस्थित होतं. पण त्या अजून त्याच शाळेत नोकरीला आहेत.

अबोली_ठाणे:
आणा ना! एवढा भक्कम पुरावा कुठे मिळणार?

खडूची_धूळ:
आणू नका. विनाअनुदानित शाळेतली नोकरी आहे त्यांची. पहिली ते तिसरीच्या प्रगतिपुस्तकांत त्यांचेच शेरे आहेत, त्यांच्या सहीचे. त्याच्या झेरॉक्स लावा, मूळ प्रती सोबत ठेवा, आणि बाईंना फोन करून सांगा की यायची गरज पडली नाही.